गुत्तेदार म्हणायचं की नोकर?

औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यात 'कंत्राटदार' हा शब्द कागदापुरता असतो. बोलताना आपण गुत्तेदार म्हणतो. विहीर खोदायची, घराला गिलावा करायचा, तुरीची कापणी करायची, तर आपण गुत्तं देतो, आणि गुत्त्यात काय असतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. दर दोघं बसून ठरवतात. पटला नाही तर गुत्तेदार उठून जातो. माणसं किती लावायची, सकाळी यायचं की दुपारी, स्वतः यायचं की भावाला पाठवायचं, हे तो बघतो. आपण शेवटी काम बघतो आणि पैसे मोजतो. सालगड्याचं तसं नाही. तो पाडव्याला ठरतो आणि वर्षभर मालक सांगेल ते करतो. पण आजारी पडला, हातपाय मोडला तर मालकाला निदान चारचौघांत तोंड दाखवायचं असतं.

आता बीदर किंवा कलबुर्गीच्या रस्त्यावरचा पाठीवर मोठी चौकोनी बॅग घेतलेला मुलगा घ्या. ॲपवर त्याला 'पार्टनर' म्हणतात. भरती होताना त्यानं मोबाइलवर जो लांबलचक इंग्रजी करार न वाचता मान्य केला, त्यात बहुधा लिहिलेलं असतं की तो स्वतंत्र कंत्राटदार आहे, कंपनीचा नोकर नाही. म्हणजे आपल्या भाषेत गुत्तेदार. मग गुत्त्याच्या कसोट्या लावून बघा. दर त्यानं ठरवला का? नाही, रेट कार्ड वरून येतं आणि वरूनच बदलतं. गिऱ्हाईक त्याचं आहे का? नाही, पत्ता आणि फोनसुद्धा ॲप त्या ऑर्डरीपुरता दाखवतं. ताप आला म्हणून आपल्या आयडीवर भावाला पाठवता येतं का? तसं केल्याचं कळलं तर आयडीच ब्लॉक होतो. किती मिनिटांत पोचायचं, कुठला टी-शर्ट घालायचा, किती ऑर्डरी नाकारल्या की इन्सेंटिव्ह जाईल, सगळं वरून ठरतं. एवढं सगळं वरून ठरत असेल तर त्याला गुत्तं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

पण माझ्या जिभेनं कायदा चालत नाही. माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या पोरांचा, आणि जास्त करून त्यांच्या आईवडिलांचा प्रश्न असतो तो सरळ: "आयडी बंद झाला, आता कुणाकडे जायचं?" किंवा "पाय मोडला, दवाखान्याचा खर्च कोण देणार?" त्याचं उत्तर तुम्ही कायद्याच्या कुठल्या खान्यात बसता यावर अवलंबून आहे. म्हणून आधी खाना ओळखू.

बॅग एक, खाने तीन

डिलिव्हरी करणारे सगळे एका माळेचे मणी नाहीत, आणि सगळ्यात जास्त नुकसान या समजानं होतं.

काही जण किराणा दुकान, मेडिकल, हॉटेल, पाण्याचे जार पोचवणारा प्लँट किंवा गॅस एजन्सीकडे थेट कामाला असतात. मालक समोर असतो, तो महिन्याला किंवा आठवड्याला पैसे देतो. हे लोक नोकर आहेत. यात वादाला जागा नाही. गाडी तुमची स्वतःची असली, पेट्रोल तुम्ही घालत असलात, मोबदला फेऱ्यांवर मिळत असला तरी एवढ्यानं नोकरपण जात नाही. दुकानातल्या नोकरांना कर्नाटकचा १९६१ चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा लागू आहे. त्यात आठवड्याची सुटी आहे, आणि सहा महिने सलग काम केलेल्याला योग्य कारणाशिवाय आणि एक महिन्याच्या नोटिशीशिवाय (किंवा तेवढ्या पगाराशिवाय) काढता येत नाही. आपल्याकडे ही मुलं स्वतःला 'असंच पोरगं आहे दुकानात' म्हणवून घेतात आणि हक्क मागायची वेळ आली की गप्प बसतात. खरं तर तिघांत सगळ्यात भक्कम कायदा यांच्या बाजूनं आहे.

दुसरे पार्सलवाले. ऑनलाइन खरेदीचा माल तालुक्याच्या हबवर उतरतो आणि तिथून हुमनाबाद, चिटगुप्पा, कमलनगर, अफजलपूरच्या गल्ल्यांत जातो. हब बऱ्याचदा मोठ्या कंपनीचा नसतो. मधे एक स्थानिक गुत्तेदार असतो, तो खरा गुत्तेदार, आणि मुलं त्याच्याकडे पार्सलमागे अमुक रुपये या बोलीवर असतात. सकाळी हजेरी, मग माल मोजून घेणं, संध्याकाळी वसुलीची रोकड जमा करणं. ही कंत्राटी कामगारांची जुनी ओळखीची तऱ्हा आहे. तुमचा मालक म्हणजे तो स्थानिक गुत्तेदार. त्यानं मजुरी बुडवली तर वरची मूळ कंपनी जबाबदार, हे कंत्राटी कामगार कायद्याचं तत्त्व नव्या कामगार संहितांतही ठेवलेलं आहे. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाल्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं, हे त्यात आहे. ते मागा. तोंडी नाही, व्हॉट्सॲपवर लिहून मागा, म्हणजे मागितल्याचा पुरावा राहील.

तिसरे ॲपवाले. जेवण, किराणा, सवारी. यांना मधला माणूस दिसत नाही, मालकही दिसत नाही. खरा वाद यांच्याबद्दल आहे.

आपण यातले कोण, हे कळत नसेल तर पासबुक काढा. पैसे कुणाच्या नावानं जमा होतात ते बघा. ॲपच्या कंपनीच्या नावानं येतात, की एखाद्या 'एंटरप्रायजेस' किंवा 'लॉजिस्टिक्स' नावाच्या स्थानिक फर्मकडून? पुष्कळ मुलांना आपण कुणाकडे काम करतो हे पासबुकाची ती ओळ वाचल्यावर पहिल्यांदा कळतं. सकाळी हबचं पार्सल आणि रात्री जेवणाच्या ऑर्डरी, असं दोन्हीकडे करणारेही खूप आहेत. त्यांचे हक्कही दोन ठिकाणी वेगवेगळे राहतात. एकाच्या करारानं दुसऱ्याचा हक्क जात नाही.

विडी वळणारे, शिंपी आणि तुम्ही

करारावर 'पार्टनर' लिहिलं म्हणजे विषय संपला, असं कंपनीचा माणूस सांगेल. आपली न्यायालयं मात्र कागदावरच्या नावाशी थांबत नाहीत. तुमच्यासारखी माणसं याआधीही न्यायालयात गेली आहेत. त्यांच्या हातात मोबाइल नव्हता, एवढाच फरक.

नागपूरच्या एका विडी कारखान्याचं प्रकरण १९६० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. कामगार हजार विड्यांमागे मजुरी घेत. कधी यायचं, कधी जायचं याची त्यांना बरीच मोकळीक होती. मालक म्हणाला, वेळ त्यांची ते ठरवतात, मग हे कामगार कसले? न्यायालयानं बघितलं की विड्या कारखान्यातच वळाव्या लागत होत्या आणि नीट वळल्या नाहीत तर नाकारण्याचा अधिकार मालकाच्या माणसाकडे होता. एवढी हुकमत पुरेशी आहे, ते कामगारच आहेत आणि रजेचा पगार त्यांना मिळाला पाहिजे, असा निकाल लागला. 'लॉग-इन कधी करायचं ते तुमच्या मर्जीवर' हे आजचं वाक्य ऐकलं की मला दरवेळी ते विडी कामगार आठवतात.

दुसरं प्रकरण आंध्र प्रदेशातून गेलेलं, १९७३ चं, सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसचं. शिंपी नगावर शिवत, दिवसभर बसायचं बंधन नव्हतं, काही जण कपडे घरीही नेत. तरीही ते दुकानाचे नोकर ठरले, कारण शिवण पसंत पडली नाही तर उसवून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार दुकानदाराचा होता. मालक माणसावर किती हुकमत गाजवतो, एवढी एकच कसोटी पुरत नाही, कामाची सगळी मांडणी बघावी लागते, हेही न्यायालयानं तिथं सांगितलं. आणि १९७८ च्या हुसेनभाई प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आणखी सरळ भूमिका घेतली: ज्याच्या हातात कामगाराच्या पोटापाण्यावरचा ताबा आहे, जो काम बंद करताच माणूस बेकार होतो, तो खरा मालक. मधले कागदी पडदे दूर करून बघा.

एवढं वाचून 'म्हणजे आपण नोकरच' असं म्हणून मोकळं होऊ नका. ॲपवर काम करणाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा असा निकाल अजून नाही. ॲपवाल्या चालक-रायडरांच्या महासंघानं २०२१ मध्ये याचिका दाखल केली, ती याच प्रश्नावर. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी सप्टेंबर २०२४ मध्ये ओला कंपनीच्या चालकाला लैंगिक छळविरोधी कायद्यापुरता 'कर्मचारी' मानलं. थोड्याच दिवसांत खंडपीठानं त्याला स्थगिती दिली. बाहेरच्या देशांतही एकवाक्यता नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरच्या चालकांना कामगाराचे हक्क दिले, आणि त्याच न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये डिलिव्हरू या जेवण पोचवणाऱ्या ॲपच्या रायडरांना ते नाकारले. फरक कशानं पडला? डिलिव्हरूच्या रायडरला आपल्या जागी दुसऱ्याला पाठवायची करारानं मुभा होती. गुत्तेदार भावाला पाठवू शकतो, तीच ही गोष्ट.

म्हणून तुमच्या करारात 'दुसऱ्याला पाठवता येईल का' याबद्दल काय लिहिलंय ते शोधून वाचा. 'तुमचा आयडी दुसऱ्यानं वापरला तर कायमचा बंद' अशी अट असेल तर तो तुमच्या बाजूचा पुरावा आहे. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. तसाच रेट बदलल्याचा मेसेज, उशिराबद्दल कापलेले पैसे, 'लॉग-इन तास कमी आहेत' अशी टीम लीडरची ताकीद. वकिलाकडे जायची वेळ आली तर तुमच्या रागापेक्षा हे कागद जास्त बोलतील.

कर्नाटकानं दिलेला तिसरा खाना

न्यायालयांचा निकाल लागेपर्यंत सरकारांनी एक मधली वाट काढली. केंद्राच्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' ही व्याख्या आली: नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेर काम करून कमावणारा माणूस. ही व्याख्याच तुम्हाला नोकरीच्या दाराबाहेर उभं करते, आणि मला ती मनापासून खटकते. पण दाराबाहेर उभं करून काहीच दिलं नाही असंही नाही. ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची, फक्त ती कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी, अशी तरतूद त्यात आहे.

देशात या विषयावरचा पहिला राज्य कायदा राजस्थानचा, २०२३ चा. कर्नाटकानं मे २०२५ मध्ये वटहुकूम काढला, ऑगस्टमध्ये विधिमंडळानं विधेयक मंजूर केलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कायदा राजपत्रात आला. सीमेपलीकडे उदगीर, देगलूर, उमरग्यात राहणाऱ्या पण आयडी बीदर-कलबुर्गीचा असलेल्या मुलांनी हे नीट लक्षात घ्यावं: तुमचं आधार कार्ड महाराष्ट्राचं असलं तरी काम कर्नाटकात करता, तर विचारायचं ते कर्नाटकच्या कायद्याबद्दल.

या कायद्यानं तुम्हाला नोकर म्हटलेलं नाही. पण गुत्तेदाराला कधीच मिळत नाहीत अशा काही गोष्टी दिल्या आहेत. कामगार मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कल्याण मंडळ, आणि त्याच्या निधीसाठी प्रत्येक व्यवहारात कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान शुल्क. ते भरायची जबाबदारी कंपनीची आहे. कुणी तुमच्याकडून 'मंडळाची वर्गणी' मागत असेल तर पावती मागा आणि आधी कामगार कार्यालयात विचारा. कंपनीनं आपल्याकडच्या कामगारांची माहिती मंडळाला द्यायची आणि प्रत्येकाला एक ओळख क्रमांक मिळायचा. ॲप बदललं तरी तो क्रमांक बदलत नाही.

आता तुमच्या रोजच्या कामाचं. लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काम बंद करता येत नाही, कुणाच्या जिवाला धोका असेल असे प्रसंग वगळून. कराराच्या अटी बदलायच्या तरी आधी कळवावं लागतं. योग्य कारण असेल तर ठरावीक ऑर्डरी नाकारल्याबद्दल शिक्षा करता येत नाही. पैसे कापले तर का कापले ते सांगावं लागतं. ऑर्डरी कशा वाटल्या जातात, रेटिंग कसं ठरतं, याची माहिती मागायचा हक्क आहे. आणि आपल्या भागासाठी मोलाची गोष्ट: करार सोप्या भाषेत असावा, आणि कन्नड, इंग्रजी किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, कामगाराला येणाऱ्या भाषेत मिळावा. मराठी आठव्या अनुसूचीत आहे. म्हणजे कमलनगरच्या किंवा हुलसूरच्या मुलाला मराठीत करार मागण्याचा हक्क या राज्यानं कायद्यानं दिला आहे. सीमाभागात भाषेवरून आयुष्यभर कितीतरी वाद ऐकले. पोटाच्या कागदासाठी मिळालेला हा हक्क कुणी वापरताना मात्र मी अजून पाहिलेला नाही.

काही जण विचारतात, गिग कामगार म्हणून नोंद केली तर 'आम्ही नोकर नाही' असं कबूल केल्यासारखं होईल का? माझ्या मते नाही. मिळतं ते घ्यावं, आणि मोठा हक्क मागत राहावं. नोंद न करून कुणाचंही भलं झालेलं नाही.

अपघात झाला तर

कलबुर्गीत सेडम रस्त्यावर कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं, म्हणजे ईएसआयसीचं, भव्य रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या नोकरासाठी मालकानं पगाराच्या ३.२५ टक्के आणि नोकरानं ०.७५ टक्के भरले की विमाधारकाला आणि त्याच्या घरच्यांना तिथं उपचार मिळतात. त्याच रस्त्यावरून दिवसाला कितीतरी रायडर गरम डबे घेऊन जातात आणि त्यांतल्या ॲपवाल्यांना या दाराचा उपयोग नसतो, कारण ते कुणाचे नोकर नाहीत. नोकर आणि गुत्तेदार यांतला फरक मला समजावून सांगायचा झाला तर मी ते गेट दाखवतो. हब किंवा दुकानवाल्यांनो, तुमच्या मालकाकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर ईएसआय क्रमांक मागा. पगारातून कापून घेतात आणि भरत नाहीत, असंही घडतं. म्हणून नुसत्या तोंडी खात्रीवर राहू नका.

ॲपवाल्यांनी अपघातानंतर तीन दारं ठोठवायची.

पहिलं मोटार अपघात न्यायाधिकरण. इथं नोकर की गुत्तेदार हा प्रश्नच येत नाही. समोरच्या वाहनाच्या चुकीनं इजा झाली तर त्याच्या मालकाकडून आणि विमा कंपनीकडून भरपाई मागता येते. दावा सहा महिन्यांच्या आत करायचा. अपघात जिथं झाला तिथं, किंवा तुम्ही जिथं राहता तिथंही तो करता येतो. कलबुर्गीत अपघात झाला म्हणून भालकीच्या माणसानं तिथं खेटे घालायचं कारण नाही; उमरग्याच्या माणसानं तर नाहीच नाही. वाहन पळून गेलं तरी सोडून देऊ नका: धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या अपघातात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये सरकारी योजनेतून मिळतात. हे सगळं पोलिसांतल्या नोंदीवर उभं असतं. 'मिटवून टाकू' म्हणणाऱ्यांचं ऐकून पोरं तक्रार देत नाहीत आणि महिन्याभरानं प्लास्टर काढताना रडतात. दवाखान्यात दाखल होतानाच अपघाताची नोंद करायला सांगा.

भरपाईचा आकडा तुमच्या कमाईवरून ठरतो. कमाईचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजानं रक्कम धरतं, आणि तो अंदाज बहुधा खऱ्या कमाईपेक्षा खाली असतो. ॲपमधले दर आठवड्याचे पेआउट डाउनलोड करून ते कुठंतरी मोबाइलबाहेरही ठेवा, ई-मेलवर किंवा बहिणीच्या फोनवर. आयडी बंद झाला की ॲपमधलं सगळं दिसेनासं होतं, आणि अपघातात पहिला फुटतो तो मोबाइल.

दुसरं दार विम्याचं, आणि इथं एक खड्डा आहे. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत साधारण अशी अट असते की गाडी भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी, किंवा मालवाहतुकीसाठी वापरली तर संरक्षण नाही. डबे आणि पार्सल वाहून नेणं यात बसवून गाडीच्या नुकसानीचा दावा अडवला जाऊ शकतो. पॉलिसी घेताना एजंटाला स्पष्ट सांगा की मी डिलिव्हरी करतो, आणि तशी नोंद पॉलिसीवर लिहून घ्या. दुसरं म्हणजे पॉलिसीबरोबरचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडीच्या नोंदणीकृत मालकाला असतो. गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे आपल्याकडे घरोघरी. अशा मुलाच्या अपघाताला तो विमा लागू पडत नाही. जमत असेल तर गाडी चालवणाऱ्याच्या नावावर करा, नाहीतर त्याच्या नावावर वेगळा अपघात विमा काढा. ॲप कंपनीही सहसा अपघात विमा देते. त्याचं कार्ड किंवा क्रमांक ॲपमध्ये शोधून घरच्यांना देऊन ठेवा. अपघातानंतर शुद्धीवर नसलेला माणूस ॲप उघडू शकत नाही.

तिसरं दार राज्य सरकारचं. कर्नाटकानं २०२३ मध्ये डिलिव्हरी करणाऱ्या गिग कामगारांसाठी विमा योजना आणली. अपघाती मृत्यूला एकूण ४ लाख रुपये (२ लाख जीवन विमा आणि २ लाख अपघात विमा), कायमच्या अपंगत्वाला २ लाखांपर्यंत, आणि अपघातानंतरच्या दवाखान्याच्या खर्चाला १ लाखापर्यंत. हप्ता भरावा लागत नाही, पण सेवा सिंधू पोर्टलवर नोंद असावी लागते. त्यासाठी आधी ई-श्रम कार्ड काढा. अपघात झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आज अर्धा दिवस कामाला सुटी देऊन ही नोंद करून घ्या. नवं मंडळ आल्यानं नोंदणी कुठल्या खिडकीवर हलली आहे का, तेही त्याच वेळी कामगार कार्यालयात विचारा.

दुकान-हबच्या नोकरांना यापलीकडे आणखी एक हक्क आहे. कामावर असताना अपघात झाला तर चूक कुणाचीही असो, मालकानं भरपाई द्यायची, हे तत्त्व १९२३ पासून कायद्यात आहे आणि नव्या संहितेतही आहे. मात्र मालकाकडून भरपाई आणि मोटार न्यायाधिकरणाकडून भरपाई, दोन्हींपैकी एकच वाट निवडावी लागते. वाट निवडण्याआधी वकिलाला विचारा.

आयडी बंद झाला तर

हबच्या किंवा शहर कार्यालयाच्या दारात जाऊन भांडण्यात दोन दिवस घालवू नका. आधी लिहा. ॲपमधल्या तक्रार विभागात आणि ई-मेलवर एकच मजकूर पाठवा: अमुक तारखेला अमुक वाजता आयडी बंद झाला, लेखी कारण दिलं नाही, १४ दिवसांची नोटीस दिली नाही, कर्नाटकच्या २०२५ च्या गिग कामगार कायद्याप्रमाणे कारण आणि खुलाशाची संधी मिळावी. थकलेल्या पेआउटचा आकडा त्याच पत्रात घाला. मोठ्या कंपन्यांना तक्रार निवारणासाठी अंतर्गत समिती नेमणं या कायद्यानं बंधनकारक आहे. पत्र त्या समितीच्या नावानं लिहा. तिथं दाद लागली नाही तर मंडळाकडे आणि जिल्ह्याच्या कामगार अधिकाऱ्याकडे जा. बीदर आणि कलबुर्गी दोन्हीकडे कामगार खात्याची कार्यालयं आहेत. कामगार न्यायालय कलबुर्गीत आहे आणि उच्च न्यायालयाचं पीठही तिथंच आहे.

कार्यालयात कन्नड चालतं म्हणून मागे राहू नका. घटनेच्या ३५० व्या कलमानं तक्रारीचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतो. तरी अनुभवाचा सल्ला असा की वर कन्नडमध्ये एक पानी अर्ज आणि खाली मराठी मजकूर, असं द्या. बोलायला येणाऱ्या पण लिहायला न येणाऱ्या कन्नडची आपल्याला लाज वाटते. गल्लीत कन्नड शाळेत शिकलेली एखादी मुलगी असतेच, ती दहा मिनिटांत लिहून देईल. दिल्याची पोच, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

बुडालेल्या पगाराची गोष्ट नोकरांसाठी सोपी आहे: वेतन संहितेखाली तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. पण हबचा गुत्तेदार बदलला की जुना माणूस सापडत नाही, म्हणून तीन वर्षं आहेत म्हणून थांबू नका. वसुलीची रोकड भरल्याची पावती किंवा निदान फोटो रोज ठेवा. 'पैसे कमी भरले' हा आरोप काम काढून घेताना सगळ्यात आधी येतो.

कराबद्दल थोडक्यात. कंपनी तुम्हाला कंत्राटदार समजून मोबदल्यातून साधारण १ टक्का कर आधीच कापू शकते. पॅन आधारशी जोडलेलं नसेल तर हीच कपात २० टक्क्यांवर जाते. तुमचं उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर विवरणपत्र भरलं की कापलेला कर परत मिळतो. वर्षानुवर्षं ते पैसे सरकारकडे पडू देणारी किती मुलं आहेत हे बघून जीव हळहळतो. शिवाय विवरणपत्र कमाईचा पुरावा म्हणून अपघाताच्या दाव्यात आणि गाडीच्या कर्जालाही चालतं.

एकट्यानं हे सगळं जमत नाही, हेही मला माहीत आहे. कलबुर्गीच्या सुपर मार्केटजवळ किंवा बीदरमध्ये ऑर्डरीची वाट बघत तुम्ही दहा-बारा जण एकत्र उभे असता. त्या अर्ध्या तासात एकमेकांचे करार वाचा. ज्याला इंग्रजी येतं त्यानं दुसऱ्याला सांगावं, ज्याला कन्नड येतं त्यानं अर्ज लिहावा. आणि आज रात्री लॉग-आउट करण्याआधी आपला करार डाउनलोड करा, मागच्या तीन महिन्यांचे पेआउट ई-मेलवर टाका, आणि ॲपवरच लिहून मागा: "माझा करार मला मराठीत द्या."